छापून न आलेली पट्टी

मागच्या हिवाळ्यात एका वर्तमानपत्राच्या पुरवणी विभागातून एका मुलीचा फोन आला. वर्धापनदिनाच्या अंकात त्यांना माझ्या वडिलांच्या जुन्या चित्रपट्ट्या छापायच्या होत्या. "विषय आहे, हरवलेलं नाशिक," ती म्हणाली. हरवलेल्या वस्तूंत वडिलांची गणना झाली याचं मला वाईट वाटलं नाही. निदान कुणीतरी शोधतंय, एवढंच मनात आलं. मी माळ्यावरून पेटी काढली, बऱ्या वाटल्या त्या पट्ट्या निवडल्या, भाच्याकडून स्कॅन करून घेतल्या आणि पाठवून दिल्या. अंक आला तेव्हा त्यात एक सोडून सगळ्या होत्या. मी फोन करून विचारलं. मुलगी प्रामाणिक होती. म्हणाली, "मॅडम, सर म्हणाले ती नको. सध्या वातावरण बरं नाहीये." हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा कॉलेजात होते, आणि तेव्हाही ते याच पट्टीबद्दल होतं. एखादं वातावरण इतकी वर्षं सलग आजारी राहतं आणि तरी मरत नाही, याचा एखाद्या डॉक्टरने अभ्यास करायला हवा.

आम्ही पंचवटीत, कारंज्याच्या मागच्या बाजूला, एका पिठाच्या गिरणीच्या वरच्या दोन खोल्यांत राहत होतो. खाली पट्टा फिरू लागला की वर फरशी थरथरायची. मांडणीवरची ताटं एकमेकांना लागून बारीक आवाज करत राहायची, आणि तो आवाज आम्हाला इतका सवयीचा झाला होता की वीज गेली की शांततेनेच दचकायला व्हायचं. दही दिवसा लागत नसे, म्हणून आई गिरणी बंद झाल्यावर विरजण लावायची. खिडकीच्या गजांवर, देवांच्या टोपांवर, माझ्या वह्यांवर पिठाचा पातळ थर असे, आणि घरात कायम ताज्या ज्वारीचा कोमट वास. पाहुणे म्हणत, तुमच्याकडे भाकरी फार छान लागते. भाकरी इतर कुणाकडच्यासारखीच होती. ती आमच्याकडे नाकातून आधी जेवली जायची, इतकंच.

वडिलांना आम्ही अण्णा म्हणत असू, गाव मास्तर म्हणे. एका मोठ्या शिक्षणसंस्थेच्या शाळेत ते चित्रकला शिकवत आणि तिथल्या पगारावर घर चालत असे. सकाळी शाळेआधी ते गावातल्या एका दैनिकासाठी तीन चौकटींची पट्टी काढत. दैनिकाचं नाव लिहीत नाही. ते बंद पडलं आहे, आणि मेलेल्यांबद्दल वाईट बोलू नये असं म्हणतात. त्याच्या नावाखाली 'निर्भीड' असं बारीक अक्षरात छापलेलं असे. एकदा वर छापून टाकलं की आतल्या पानांत वेगळं दाखवून द्यायची गरज उरत नसे.

पट्टीचा नायक एक बगळा होता, बगळोबा. तो गंगेवर, म्हणजे गोदावरीच्या घाटावर, एका पायावर उभा असायचा आणि येणाऱ्याजाणाऱ्याशी दोन शब्द बोलायचा. नाशिकमध्ये बगळ्याला नायक करायला फार कल्पकता लागत नाही. डोळे मिटून उभा राहणारा आणि लक्ष मात्र पाण्यावर ठेवणारा प्राणी इथे कुठल्याही सकाळी घाटावर भेटतो आणि प्रत्येक वेळी त्याला पंख असतातच असं नाही. गिरणी सुरू झाली की अण्णांची रेघ थरथरे, म्हणून बगळोबा त्याआधी, चहाबरोबर काढून व्हायचा. नदीचं पाणी काढायचं असलं की मात्र ते मुद्दाम थांबत. खाली पट्टा फिरायला लागला की म्हणत, "हं, आता आल्या लाटा," आणि कुंचला टेकवत.

अण्णांचं चित्र जितकं सुबक तितकंच अक्षर गचाळ. त्यामुळे मॅट्रिक झाल्यापासून फुग्यातला मजकूर लिहिणं माझ्याकडे आलं. माझं अक्षर शाळेत बक्षीस मिळवणारं, म्हणजे व्यक्तिमत्त्व नसलेलं होतं, आणि पट्टीला ते बरोबर लागू पडलं. बगळोबा वाट्टेल ते बोलला तरी अक्षरावरून तो शालेय निबंध वाचतोय असं वाटे. आईचं काम शेवटचं. ती सटाण्याकडची. तांदूळ निवडता निवडता ती वाळत ठेवलेल्या पट्टीकडे बघायची आणि ही कुणाला झोंबेल ते सांगायची. "दूधवाला." "तुमचे हेडमास्तर." "वरच्या आळीतल्या काकू, त्यांना बगळ्याची मान आपली वाटेल." तिचा अंदाज चुकत नसे. तिला हसू आलं की नाही हे अण्णा एकदाच विचारत, आणि ती माहेरच्या बोलीत म्हणायची, "माले हासू नही उनं." कधीच येत नसे. हसण्यासाठी म्हणून ठेवलेल्या गोष्टीला हसणं तिला बावळटपणाचं वाटे. आता मी तिच्या वयाची झाल्यावर तिचं पटतं.

दिवाळीच्या सुट्टीत अण्णा एका वेगळ्या कामाला बसत. ताप, लग्नकार्य, शाळेच्या परीक्षा असं काही आलं तर खाडा पडू नये म्हणून ते डझनभर पट्ट्या आगाऊ काढून ठेवत. त्या कुठल्याही दिवशी चालाव्यात म्हणून त्यांत फक्त डास, पाहुणे, लोणचं, पाणीटंचाई असले विषय असत. त्यांचे जस्ताचे ब्लॉकही, म्हणजे छपाईचे ठसे, करून ठेवलेले असत, आणि ते संपादकांच्या खणात बिस्किटांच्या डब्यात पडलेले असत. छापखान्यात या पट्ट्यांना लोणचं म्हणत. ताजी भाजी नसली की काढायचं. "मास्तर आजारी आहेत, आज लोणचं लावा," असं सरळ बोललं जाई.

आता त्या गोष्टीकडे येते. अण्णांच्या संस्थेचे अध्यक्ष मंत्री होते. त्यांचं नाव द्यायचं नाही असं मी ठरवलं आहे. त्यांचे नातू सध्या निवडणुकीला उभे आहेत, कोणत्या पक्षाकडून, ते हे छापून होईपर्यंत नक्की सांगता येणार नाही. शाळेच्या नव्या सभागृहाच्या पायाभरणीला साहेब येणार होते. चैत्र लागला होता. आठवडाभर आधीपासून शाळेत अभ्यास बंद आणि कवायत सुरू. अण्णांना कमान रंगवायचं काम मिळालं होतं, आणि कमानीवरचं 'सुस्वागतम्' अर्थातच माझ्या हातचं. साहेब सकाळी यायचे होते. मुलांना सकाळच्या प्रार्थनेनंतर रस्त्याच्या दोन्ही बाजूंना, हातात कागदी झेंडे देऊन उभं केलं. साहेब उन्हं कलल्यावर आले. मधल्या वेळात डांबर मऊ झालं, झेंड्यांचा रंग घामाने हाताला लागला, पाचवीतल्या काही मुली चक्कर येऊन पडल्या. त्यांना कमानीच्या सावलीत निजवलं आणि त्यांच्या जागा भरायला सातवीतल्या आणल्या. कारण रांगेत फट दिसता कामा नये असं संस्थेच्या कार्यवाहांनी बजावलं होतं. अण्णा रांगेवर देखरेखीला होते. साहेबांची गाडी आली तेव्हा काच वर होती.

त्या संध्याकाळी अण्णा जेवले नाहीत. आईने मुगाची खिचडी आणि पापड असं त्यांच्या आवडीचं केलं होतं. त्यांनी पापड तेवढा खाल्ला. दुसऱ्या दिवशी सकाळी ते नेहमीपेक्षा लवकर बसले आणि मी उठेपर्यंत पट्टी काढून झाली होती. पहिल्या चौकटीत रस्त्याकडेला उभ्या मुलांची रांग, आणि रांगेच्या शेवटी बगळोबा. दुसऱ्या चौकटीत बगळोबा शेजारच्या मुलीला म्हणतो, "मी माशांसाठी उभा आहे. तुम्ही कशासाठी?" तिसऱ्या चौकटीत मुलगी म्हणते, "आम्ही मासे आहोत."

मी फुगे लिहिले. शेवटच्या फुग्यात अण्णा म्हणाले, जरा मोठं लिही. आईने सूप बाजूला ठेवलं, पट्टी हातात घेतली, आणि कुणाला झोंबेल ते सांगण्याऐवजी नुसती बघत राहिली.

"कोण?" अण्णांनी विचारलं.

"तुमची नोकरी," आई म्हणाली आणि परत सूप घेतलं.

पट्ट्या पोचवायचं काम कॉलेजला जाता जाता मीच करायची. संपादकांचं नाव सोमण. काळा कोट, टेबलावर घंटा, आणि अग्रलेखात एक तरी संस्कृत वचन. त्यांनी पट्टी पाहिली. चष्मा काढला, पुसला, पुन्हा पाहिली. मग हसले, अगदी मनापासून. मला हायसं वाटलं. संपादक हसला म्हणजे पट्टी गेली, हे माहीत नसण्याचं माझं वय होतं.

"मास्तरांना सांग, फार चांगली आहे. इतक्या वर्षांतली सगळ्यात चांगली."

"मग ब्लॉकला देऊ?"

"छे, छे. म्हणून तर नाही. अगं, सध्या वातावरण बरं नाही. त्यातून लहान मुलांना राजकारणात ओढू नये, असं माझं स्पष्ट मत आहे."

"त्यांना कालच ओढलंय, काका. झेंडे देऊन."

"हं. तू वक्तृत्वस्पर्धेत भाग घेत जा." त्यांनी पट्टी लिफाफ्यात घातली आणि लिफाफ्यावर लाल पेन्सिलीने लिहिलं, 'जागेअभावी परत'. पट्टीची जागा रोज ठरलेली होती. तिच्या बाजूला केसांच्या तेलाची जाहिरात असे आणि ती जागा कधी कमीजास्त झाल्याचं मला आठवत नाही. सोमणांनी खण उघडून बिस्किटांचा डबा काढला, त्यातले ठसे उलटसुलट करून पाहिले. "डासांची नको, नगरपालिकेला लागेल. पाण्याची तर नकोच. ही बघ, ही कशी आहे? लग्नाची. कुणाला लागण्यासारखी नाही ना?"

मी पाहिली. आमच्या मावसबहिणीच्या लग्नात दोन मंगल कार्यालयं शेजारी होती आणि मामा चुकून पलीकडच्या लग्नात जेवून, वर आहेरही तिथेच करून आले होते, त्यावरून दिवाळीत काढलेली. बगळोबा मांडवात विचारतो, "नवरदेव कुठे?" पागोटंवाला काका म्हणतो, "शेजारच्या मांडवात गेला." "चुकून?" "छे. तिकडे जिलबी आहे."

"नाही," मी म्हणाले. "कुणाला लागायचं कारण नाही."

सोमणांनी घंटा वाजवली आणि ठसा आत पाठवला.

दैनिक चार पानांचं होतं. आतली दोन पानं संध्याकाळीच छापून होत. बाहेरची दोन, म्हणजे पहिलं आणि शेवटचं, मुंबईच्या बातम्या आल्यावर. पट्टी आतल्या पानावर असे. त्या दिवशी आतली पानं छापून, गठ्ठे लावून झाल्यावर मुंबईहून बातमी आली, की आमच्या साहेबांनी आपल्या माणसांसह पक्ष बदलला. मंत्रिपद तेच राहिलं, फक्त त्यांच्या शेजारी बसणारी माणसं बदलली. बातमी पहिल्या पानावर मोठ्या मथळ्यात गेली. सकाळी लोकांनी ती वाचली, पान उलटलं, आणि आत बगळोबा होता.

आम्हाला हे कळलं ते गिरणी थांबली तेव्हा. सकाळच्या गर्दीच्या वेळी पट्टा बंद झाला, ताटं गप्प झाली, आणि जिन्यावर पावलं वाजली. गिरणीवाले निवृत्तीभाऊ निफाडकडचे, पिठाने पांढऱ्या भुवयांचे. आमच्याकडे ते भाड्याशिवाय कधी वर येत नसत. त्या दिवशी पेपर हातात घेऊन दारात उभे राहिले.

"मास्तर, लय भारी हाणला."

"काय हाणलं?" अण्णा दाढी करत होते.

"जिलबी. आता आमच्यापुढं कशाला साधेपणा? खाली गिऱ्हाईक पोट धरून हसतंय. मी म्हणलं, वरच राहत्यात, माझ्याच घरात. चक्की बंद करून आलो."

अण्णांनी पेपर घेतला. पहिलं पान वाचलं. आतलं उघडलं. त्यांच्या एका गालावर साबण तसाच वाळत होता. "अहो निवृत्तीभाऊ, ती लग्नावर आहे. दिवाळीत काढलेली."

"हा, लग्नावरच," निवृत्तीभाऊ म्हणाले आणि एक डोळा मिटला. डोळा मिटताना भुवईचं पीठ गालावर पडलं.

पुढचे चार दिवस अण्णा प्रत्येकाला हेच सांगत होते आणि प्रत्येक जण एक डोळा मिटत होता. रविवार कारंज्यावर एका मिठाईवाल्याने त्यांना जिलबी बांधून दिली. शाळेत शिक्षक एकेकटे येऊन हात दाबून जात, दोघे असले की बोलत नसत. गावात जिलबी हा शब्द कुणी सरळ तोंडाने उच्चारेना. माझ्या कॉलेजात तर मी बापाची मुलगी म्हणून ओळखली जाऊ लागले आणि मला ते आवडलं. अण्णांना मात्र आवडत नव्हतं. जी पट्टी त्यांनी जाणूनबुजून काढली होती ती लाल पेन्सिलीच्या लिफाफ्यात पडली होती, आणि मामाच्या विसराळूपणावरच्या चित्राने ते शूर ठरले होते. रात्री आईला म्हणाले, "चोराच्या आळंदीला गेल्यासारखं वाटतंय." आई म्हणाली, "लोक कौतुक करतायत ना, घ्या मुकाट्याने. हे असं किती टिकतं ते बघा."

ते पाचव्या दिवशी संपलं. पहिले दोन दिवस सोमणांनीही अभिनंदन स्वीकारलं, आणि वृत्तपत्राच्या कर्तव्यावर एक अग्रलेख लिहिला. मग संस्थेच्या कार्यवाहांचा फोन आला असावा. सोमण आमच्याकडे आले, आयुष्यात पहिल्यांदा. त्यांच्या काळ्या कोटावर जिन्यातच पीठ बसलं होतं. आईने त्यांना कॉटवर बसवलं आणि बशीत जिलबी ठेवली, घरात दुसरं काही नव्हतं. त्यांनी बशीकडे पाहिलं आणि ती हळूच लांब सारली.

"मास्तर, एक छोटा खुलासा छापू. सदर पट्टी पूर्वीच काढलेली होती, तिचा चालू घडामोडींशी संबंध नाही, गैरसमज झाला असल्यास दिलगीर आहोत. तुमची सही, बस. नाहीतर संस्था तुम्हाला निलंबित करायच्या विचारात आहे. माझ्या कानावर आहे."

अण्णांनी कागद दोनदा वाचला. "यात खोटं काही नाही."

"तेच तर. सगळं खरं आहे."

"हो. म्हणूनच हात धजत नाही."

सोमणांना हे कळलं नाही. मलाही त्या वेळी पूर्ण कळलं नव्हतं. आईला कळलं होतं आणि पटलं नव्हतं. "खरं लिहायला कसलं अवघड?" ती आतून म्हणाली. "लग्नावर आहे तर लग्नावर आहे म्हणा. उद्या पगार थांबला तर बगळा काय मासे आणून देणार आहे का?"

"मी साहेबांविरुद्ध काहीच बोललो नाही असं लिहून द्यायचं," अण्णा म्हणाले, "आणि बोललो होतो ते तुमच्या खणात."

"खणात नाही," सोमण म्हणाले. "मी तर जागेअभावी परत केली." आणि उठले. कागद कॉटवरच राहिला.

सही झाली नाही, नाहीही म्हटलं गेलं नाही. दोन दिवसांनी निरोप आला, रविवारी सकाळी साहेबांनी बंगल्यावर बोलावलं आहे. अण्णांना एकट्याला पाठवायला आई तयार नव्हती आणि स्वतः यायलाही. मी गेले. जाताना त्यांनी लिफाफा घेतला नाही, हे मी पाहिलं. इस्त्रीचा सदरा, पायात शाळेच्या चपला.

बंगल्याच्या व्हरांड्यात माणसं भिंतीला टेकून बसली होती. कुणी बदलीसाठी आलेलं, कुणी पाण्याच्या बोअरसाठी. कार्यवाह आम्हाला दारातच भेटले आणि अण्णांचं कोपर धरून म्हणाले, "गुरुजी, साहेब एकच प्रश्न विचारतील. नाही म्हणा आणि मोकळे व्हा. बाकी मी बघतो." आत साहेब पपई खात होते. फोटोत दिसत त्यापेक्षा ते लहान चणीचे होते. समोर पुठ्ठ्यावर चिकटवलेलं आमचं कात्रण होतं.

"या गुरुजी. ही पोरगी कोणाची?"

"माझी. फुग्यातलं अक्षर हिचं."

"अस्सं. अक्षर चांगलंय हां." त्यांनी पपईची फोड काट्याने उचलली. "मला एवढंच सांगा. हे आमच्यावर आहे का?"

"नाही साहेब," अण्णा म्हणाले. "लग्नावर आहे. आमच्या मेव्हण्याचा किस्सा. दिवाळीत काढून ठेवलेली."

कार्यवाहांनी सुस्कारा सोडला. साहेबांनी मान डोलावली. "मग झालं तर. आम्हाला पण वाटलंच. मास्तर माणूस कशाला या भानगडीत पडतोय." त्यांनी पुठ्ठा उलटा ठेवला. सगळं मिटलं होतं. नोकरी शाबूत होती, खुलासाही नको होता. नमस्कार करून वळायचं एवढंच बाकी होतं, आणि मी वळलेही होते.

"तुमच्यावरची वेगळी होती," अण्णा म्हणाले.

काटा थांबला.

"ती छापली नाही."

"काय होती?"

अण्णांनी सांगायला सुरुवात केली. माझ्या वडिलांना विनोद सांगता येत नसे, काढता येत असे. पहिल्या चौकटीत रांग आहे, म्हणाले, आणि मग कुठल्या कोनातून काढली आहे ते सांगू लागले, मुलींच्या वेण्या कशा काढल्या ते सांगू लागले. साहेब माझ्याकडे बघत होते. मीच फुगे लिहिले होते, मला पाठ होते. मी म्हणाले, "बगळा विचारतो, मी माशांसाठी उभा आहे, तुम्ही कशासाठी. मुलगी म्हणते, आम्ही मासे आहोत."

साहेब म्हणाले, "परत सांग." मी परत सांगितलं. माझा आवाज दुसऱ्यांदा जास्त चांगला लागला, हे मला आजही आठवतं.

साहेब कार्यवाहांकडे वळले. "किती वेळ उभी होती पोरं?"

"थोडा वेळच, साहेब."

"प्रार्थनेपासून," अण्णा म्हणाले. "काही चक्कर येऊन पडली."

"मी सांगितलं होतं तुम्हाला, पोरं उभी करू नका म्हणून." साहेबांनी हे इतक्या सहजपणे म्हटलं, की कार्यवाह क्षणभर ते आठवायचा प्रयत्न करताना दिसले. मग म्हणाले, "हो साहेब. चुकलंच."

आम्हाला चहा मिळाला. बशीत बिस्किटंही होती. निघताना साहेबांनी अण्णांच्या खांद्यावर हात ठेवला. त्यासाठी त्यांना थोडं चवड्यांवर यावं लागलं. "गुरुजी, हात फार चांगला आहे तुमचा. या शहरात वाया जातोय. हरसूलला आपली शाळा आहे. डोंगर, झाडी, निसर्ग लई सुंदर. चित्रकाराला अशी जागा पाहिजे."

जूनमध्ये बदलीचा कागद आला. त्यात निसर्गाचा उल्लेख नव्हता, 'प्रशासकीय सोय' असं लिहिलं होतं. अण्णा सोमवारी पहाटे एसटीने जात आणि शनिवारी दुपारनंतर परत येत. तिकडे एका पेठकडच्या शिक्षकाबरोबर खोली घेतली होती. सोमणांनी मनापासून हळहळून कळवलं, की हरसूलहून रोजची पट्टी वेळेत पोचणं शक्य नाही, तेव्हा बगळोबाला तूर्त विश्रांती द्यावी. बिस्किटांच्या डब्यातलं लोणचं त्यांनी श्रावण लागेपर्यंत पुरवून पुरवून वापरलं. मग त्या जागेवर राशिभविष्य आलं. ते कुणाला झोंबल्याचं ऐकिवात नाही, सगळ्या राशींना सगळे दिवस बरे जात.

लोक आता मला विचारतात, अण्णांना पश्चात्ताप झाला का. मी त्यांना कधी विचारलं नाही. डोळे मिटून उभं राहणाऱ्या माणसांच्या घरात असे प्रश्न विचारत असतील, आमच्याकडे ती पद्धत नव्हती. त्यांची एक तक्रार मात्र होती. हरसूलला गिरणी लांब होती, त्यामुळे पाण्याच्या लाटा जमत नाहीत म्हणत. पण ते कुणासाठी काढत होते आणि कुणाला दाखवत होते ते त्यांनी सांगितलं नाही, आणि आईनेही त्यांच्या पिशवीत हात घातला नाही.

सभागृह दोन वर्षांनी पुरं झालं आणि उद्घाटनाला साहेब पुन्हा आले. तेव्हा ते पहिल्या पक्षात परतले होते. मी रस्त्याने चालले होते, कमान नवी होती, अक्षर दुसऱ्या कुणाचं. मुलं रस्त्याच्या दोन्ही बाजूंना झेंडे घेऊन होतीच. पण ती बसलेली होती. खाली सतरंज्या अंथरल्या होत्या, लांबच लांब, भाड्याने आणलेल्या, आणि कार्यवाह स्वतः फिरून कुणी उभं राहत नाही ना ते बघत होते. एक मुलगा झेंडा हलवायला उठला तर त्याला ओरडा बसला.

शनिवारी अण्णा आले. हातपाय धुऊन जेवायला बसले. भाकरी, वांग्याचं भरीत, शेंगदाण्याची चटणी. खाली गिरणी चालू होती. मी त्यांना पाहिलं ते सांगितलं. त्यांचा घास हातातच राहिला.

"सतरंज्यांवर?"

"हो. सगळी."

"सावलीत?"

"नाही. उन्हातच."

अण्णांनी घास खाल्ला, पाणी प्यायले आणि बराच वेळ पेल्याच्या तळाशी बघत राहिले. काहीतरी आकार घेत असलं की ते तसंच बघत. आईने ते ओळखलं. तिने त्यांच्या ताटात आणखी एक भाकरी वाढली आणि म्हणाली, "सावलीसाठी काढायचं असेल तर काढा. पण आधी नकाशा बघा. हरसूलच्या पुढे बदली करायला संस्थेची शाळा नाही."